गळ, ओढा आणि चढणीचे मासे: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाने "नदीतले मासे आता खाण्यालायक राहिलेत का" असं विचारलं होतं, आणि उत्तर देता देता मी आमच्या कृष्णाकाठच्या गळ टाकून बसण्याच्या दिवसांबद्दल चार ओळी लिहून गेलो. त्यावर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की या वेळी दुसरा विषयच घेतला नाही. ज्या प्रश्नांत बऱ्याच जणांचं काहीतरी सापडेल असे निवडलेत, नावं नेहमीसारखीच दिलेली नाहीत.

दादा, मी पुण्यात आयटीत आहे, मूळ गाव वाळवा तालुक्यात. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला मासेमारी म्हणजे मोबाईलमधली गेम एवढंच माहिती. दिवाळीच्या सुट्टीत त्याला नदीवर न्यायचंय. मी लहानपणी काकांबरोबर जायचो पण तेव्हा सगळं काकाच करायचे, मी नुसता डबा धरून बसायचो. ऑनलाइन रॉड-रील मागवू का? काय काय लागतं, कुठं बसायचं, सगळंच सांगा. — एक वाचक, पुणे

रॉड-रील मागवू नका, निदान पहिल्या वेळी तरी नको. रॉड वाईट असतो असं नाही, पण पोरगं रील फिरवण्यातच रमतं आणि पाण्याकडं बघतच नाही, आणि तुम्हाला तर त्याला पाण्याकडं बघायला शिकवायचंय. वेळूची एक सरळ हलकी काठी घ्या, त्याच्या उंचीच्या दुप्पट पुरे. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, दोन-तीन मापांचे बारीक गळ आणि शिशाचे दाणे तालुक्याच्या बाजारात जाळी-दोऱ्या विकणाऱ्या दुकानात मिळतात, फार खर्च नाही. तरंगायला प्लास्टिकचं काही घेऊ नका, गावी कडब्याच्या गंजीतलं एक ताट काढा, साल सोलून आतलं भेंड बोटभर कापा, मधून तंगूस ओवा, झालं. दोरी काठीच्या लांबीएवढीच ठेवा, जास्त सोडली की मागच्या बाभळीत अडकते आणि अर्धा दिवस गळ सोडवण्यात जातो.

गांडुळं आदल्या संध्याकाळी काढायची. उकिरड्याच्या कडेला, नाहीतर न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं कुदळीचे दोन घाव घातले की मिळतात. त्याच मातीत करवंटीत ठेवायची, वर ओला फडका टाकायचा आणि करवंटी सावलीत, उन्हात राहिली की गांडुळं मरतात आणि मेलेल्याला मासा फारसं तोंड लावत नाही. गळाला लावताना नुसतं मधे टोचून लोंबकळत ठेवलं तर मासा दोन्ही बाजूंनी कुरतडून नेतो आणि गळ मोकळाच वर येतो. टोकापासून आत ओवत न्यायचं, पायात मोजा चढवतो तसं, गळाचं टोक जेमतेम झाकलं पाहिजे आणि शेपटी करंगळीच्या नखाएवढी सुटी वळवळत राहिली पाहिजे. पोराला आधी किळस येईल, येऊ द्या, जबरदस्ती नको, त्याच्यासाठी कणकेची गोळी ठेवा. कणकेत चिमूटभर कापूस मळून घेतला की ती पाण्यात लवकर विरघळत नाही.

कुठं बसायचं याचं उत्तर मला आमच्या गल्लीतल्या तात्यांनी दिलं होतं. तात्या म्हणजे शेतात गडी म्हणून राबणारा माणूस, पण नदीचा काठ न काठ त्यांना पाठ. आम्ही पोरं घाटावरच्या खोल डोहात गळ टाकून बसायचो कारण खोल पाण्यात मोठा मासा असणार असं वाटायचं, आणि तात्या चार पावलं खाली, जिथं ओढा नदीला मिळतो तिथं बसायचे. दुपारपर्यंत त्यांची पिशवी भरलेली आणि आमच्याकडं काही नाही. एक दिवस त्यांनीच हाक मारून जवळ बसवलं आणि दाखवलं की बघ, ओढ्याचं पाणी गढूळ, नदीचं निवळ, दोन्ही मिळतात तिथं पाण्यावर एक रेघ दिसते, त्या रेघेला भेंड सोडायचं. ओढ्यातनं किडे, दाणे, माती वाहत येते, मासा त्या रेघेच्या निवळ बाजूला उभा राहून येईल ते खातो. हे कळल्यावर मी नदीकडं बघायची तऱ्हाच बदलली. कुठं धार जोरात आहे, कुठं दगडाआड पाणी थबकलंय, कुठं करंजाची फांदी पाण्यावर वाकलीय आणि फुलं पडतायत, हे सगळं आधी बघायचं आणि मग काठी उघडायची. तुमच्या मुलाला पहिला अर्धा तास एवढंच करायला लावा, काठावरनं चालत जायचं आणि "तू मासा असतास तर कुठं थांबला असतास" असं त्याला विचारायचं. पोरं याची उत्तरं भारी देतात.

भेंड बुडायची पद्धत माशामाशाप्रमाणं वेगळी असते. चिलापी टुचुक-टुचुक करत राहते, भेंड नाचतं पण बुडत नाही, तिथं घाई केली की गेली. शिंगटा, तो मिशांचा काटेवाला मासा, सरळ खाली ओढून नेतो. वाम गळ घेऊन दगडाच्या फटीत शिरायला बघते, म्हणून ती लागली की ढील द्यायची नाही. आणि वाम हातात आली की निसटतेच, अंगाला बुळबुळीत चिकट थर असतो, आमची आजी त्यासाठी चुलीतली राख कागदात बांधून द्यायची, राखेचा हात करून धरली की हलत नाही आणि घरी आल्यावर तो थरही राखेनंच घासून काढायचा. पाठीवर बारीक काट्यांची रांग असते तिची, धरताना डोक्याकडून शेपटीकडं हात न्यायचा, उलटा नाही.

तुमच्या मुलाला बहुतेक चिलापीच मिळणार, आता सगळीकडं तीच आहे. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते त्यामुळं तिची पिल्लं जगतात भरपूर आणि इथल्या माशांच्या वाट्याची जागा आणि खाणं ती घेते. तर चिलापी लहान मिळो मोठी मिळो, परत सोडायची नाही, घरी न्यायची आणि तळून खायची. भिगवणला उजनीकाठच्या हॉटेलांत लोक तिच्यासाठी लांबनं येतात, म्हणजे चवीला काही कमी नाही.

पण मरळीच्या बाबतीत उलटं, आणि हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. कधी काठाजवळच्या शांत पाण्यात, गवतात, तांबड्या-केशरी पिल्लांचा घोळका दिसतो, सगळी मिळून वर येतात, तोंडानं हवा घेतात, पाणी तेवढ्या जागेवर उकळल्यासारखं हलतं आणि परत सगळी खाली. ती मरळीची पिल्लं. त्यांच्या खालीच आई-बाप राखणीला असतात आणि जवळ आलेल्या कशावरही धावून येतात, गळाला बेडकी लावून नाचवली तर हमखास घेतात, म्हणूनच काही जण मुद्दाम घोळका हुडकून तिथं गळ टाकतात. तात्यांनी आम्हाला पहिल्यांदा घोळका दाखवला तेव्हा आमच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि सांगितलं की इथं बघायचं, टाकायचं नाही, राखण गेली की तासाभरात बाकीचे मासे एकेक पिल्लू उचलतात. आम्ही कितीतरी वेळ पालथे पडून बघत होतो. मरळ खायला मिळाली नाही याचं त्या दिवशी कुणालाच काही वाटलं नाही.

आता काळजीचं. तुमच्या पट्ट्यात, भिलवडी-औदुंबरच्या आसपास कृष्णेत मगरी आहेत हे तुम्हाला माहीतच असेल, दिवाळीनंतर थंडीत त्या उन्हाला काठावर येतात. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय जागा ठरवायची नाही, पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, उभ्या काठावरनंच गळ टाकायचा आणि मासे साफ केलेली घाण त्याच जागी पाण्यात टाकायची नाही. दिवस मावळायच्या आत उठायचं. वरच्या धरणातनं पाणी सोडलं की नदी चढते, म्हणून काठावर एका दगडाला खूण करून ठेवा आणि अधनंमधनं तिकडं लक्ष असू द्या. आणि नदीऐवजी पाझर तलावावर किंवा धरणावर जाणार असाल तर तिथला ठेका मच्छीमार सोसायटीकडं असतो, त्यांना विचारून बसा. गळानं दोन-चार मासे धरणाऱ्याला सहसा कुणी नको म्हणत नाही, पण विचारायला पाहिजे, त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं.

काका, आमच्याकडे संगमेश्वराच्या बाजूला पहिला पाऊस झाला की चढणीच्या माशांवर सगळा गाव तुटून पडतो. लहानपणी मी बाबांबरोबर रात्री बत्ती घेऊन जायचे, ती मजा अजून अंगावर येते. पण आता माझी कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते की अंडी घालायला आलेले मासे मारणं चूक आहे, सगळं बंद झालं पाहिजे. आमच्या घरात यावर भांडणं होतात. तुमचं काय मत? — एक वाचक ताई, रत्नागिरी जिल्हा

ताई, मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे, म्हणून आधी तेच.

पहिला जोराचा पाऊस झाला की ओढे-वहाळ वाहायला लागतात आणि नदीतले मासे धारेच्या उलटे वर चढतात, भातशेतात, खाचरात, उथळ गवताळ पाण्यात जातात. अंडी तिथं घालतात कारण ते पाणी कोमट असतं, त्यात बारीक जीव भरपूर, मोठे मासे कमी, पिल्लांना वाढायला याच्यासारखी जागा नाही. मग पाऊस ओसरायला लागला की पिल्लं पाण्याबरोबर खाली नदीत उतरतात. म्हणजे वर्षभर नदीत जे दिसतं ते त्या आठ-पंधरा दिवसांत वर चढून जे वाचलं त्यातनं आलेलं असतं. रोहूसारख्या माशाच्या मादीच्या पोटात किलोमागे लाखावर अंडी असतात, ओढ्यातले मासे लहान, त्यांची कमी, तरी एक पोटुशी मादी मारली की किती गेलं याचा अंदाज येतो. आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते, गाबोळी तळलेली कुणाला आवडत नाही.

आता दुसरं अर्धं. तुमच्या वडलांच्या वेळी लोक चढणीचे मासे धरायचेच, रायगडाकडं त्याला वळगण म्हणतात, तिकडंही सगळा गाव बाहेर पडतो. पावसाळ्यात समुद्र बंद, भाजी महाग, हाताला काम नाही, तेव्हा हे मासेच घरात कालवणाला असायचे आणि सुकवून पुढच्या दिवसांसाठी ठेवलेही जायचे. गरिबाच्या ताटातलं ते खरं खाणं होतं, ते बंद करा असं शहरात बसून सांगणं मला पटत नाही. पण तेव्हा धरायची रीत काय होती ते आठवा. हातात बत्ती, एक टोपली नाहीतर हातजाळं, बांबूची विणलेली मळई ओढ्याच्या एका अंगाला लावलेली, बाजूनं पाणी मोकळं. जो मासा चुकला तो वर गेला, आणि चुकणारे भरपूर असायचे. आता काय झालंय तर ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक भोकाचं नायलॉनचं जाळं, कुठं कुठं तर मच्छरदाणीच, म्हणजे बोटाएवढं पिल्लूसुद्धा जात नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि करंट. ब्लीचिंग टाकलं की त्या ओढ्यातलं सगळं मरतं, खेकडे, बेडूक, कोळंबी, पाण्यातले किडे, खाली गुरं पाणी पितात ती वेगळीच. पाण्यात विष कालवणं आणि सुरुंग लावणं हे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. हा काही नव्यानं कुणी लादलेला नियम नाही.

त्यामुळं माझं मत असं, की भांडण "धरायचे की नाही" यावर करू नका, "कसे आणि किती" यावर करा. ओढा पूर्ण अडवायचा नाही, निदान तिसरा हिस्सा मोकळा. पहिली चढण सोडून द्यायची, पहिल्या दोन-तीन रात्री नुसतं बत्ती घेऊन बघायला जा, पोरांना दाखवायला तर तीच सगळ्यात भारी रात्र असते, पाण्याच्या आवाजात मासे खडकावरनं उड्या मारतात आणि बत्तीच्या उजेडात पोटं चमकतात. नंतर धरताना पोट फुगलेली मादी हाताला लागली की सोडायची. आणि भाद्रपदात पाणी उतरताना जे खाली येतात त्यांच्यातनं मोठे निवडून घ्या, तेव्हा अंडी घालून झालेली असतात. हे गावानं मिळून ठरवलं तरच चालतं, एकट्यानं सोडलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. ग्रामसभेत तुमच्या मुलीलाच बोलू द्या, ती अभ्यास करून बोलेल आणि तुम्ही बाजूला बसून जुनी रीत सांगा. दोघी मिळून बोललात तर गाव ऐकेल असं मला मनापासून वाटतं.

अजून एक गोष्ट मुलीला सांगा. मासा कमी होण्याचं सगळं पाप बत्ती घेऊन जाणाऱ्यावर नाही. ओढ्या-नद्यांवर बंधारे झालेत, पावसाळ्यात त्यांच्या पाणी अडवायच्या फळ्या वेळेत काढल्या नाहीत की मासा खालीच अडतो आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोळा होतो, तिथं मग बादलीनं धरतात. फळ्या पहिल्या पावसाच्या आत निघतात का हे बघणंसुद्धा मासे वाचवणंच आहे.

शिंगट्याचा काटा बोटात गेला, दोन दिवस हात सुजला होता. यावर घरगुती काय करावं? — एक वाचक, कराड

सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, पाणी निवलं की परत गरम घाला. काट्यावरचं विष उष्णतेनं निकामी होतं आणि ठणका लगेच कमी होतो. चटका बसेल इतकं गरम नको, दुसऱ्या हातानं आधी बघून घ्या, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. काटा मोडून आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा ताप आला तर डॉक्टरकडंच जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. पुढच्या वेळी शिंगटा गळातनं सोडवताना पाठीवरचा एक आणि कानाजवळचे दोन असे तीन काटे ध्यानात ठेवा, धरायच्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळा.

लहानपणी आजोळी महाडला गेलो की वाळणकोंडीला मासे बघायला जायचो. झुलत्या पुलावरून कुरमुरे टाकले की केवढे केवढे मासे वर यायचे. आजोबा सांगायचे हे देवीचे मासे, यांना कुणी हात लावत नाही. हे कुठले मासे, आणि बाकी नदीत एवढे मोठे का दिसत नाहीत? — एक वाचक, ठाणे

ते महाशीर. काळ नदीच्या त्या डोहात वरदायिनी देवीच्या नावानं ते राखलेत, गावातलं कुणी मारत नाही, बाहेरच्याला मारू देत नाही. वाड्याजवळ तिळस्याला वैतरणेच्या डोहातही असेच राखलेले आहेत. दख्खनच्या नद्यांतला हा महाशीर कर्नल साइक्स नावाच्या कंपनी सरकारातल्या इंग्रजानं १८३९ मध्ये शास्त्रात नोंदवला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतनं. आजची मुळा-मुठा बघितल्यावर विश्वास बसत नाही, पण हा मासा तिथला.

बाकी नदीत का नाही, तर त्याला वाहतं, गार, निवळ पाणी आणि गोट्यागोट्यांचा तळ लागतो, अंडी तो तिथं घालतो. धरणानं पाणी थांबलं, वाळू-गोटे उपसून नेले, शहराचं सांडपाणी आलं, यातलं एक झालं तरी त्याचं जमत नाही आणि आपल्याकडं तिन्ही झालंय. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करतात आणि देशभर पाठवतात. ते काम मोठंच आहे, पण पिल्लू सोडायला नदी तर पाहिजे. माझं म्हणणं असं की वाळणकोंड हा आपल्याकडचा नदी राखायचा सगळ्यात सोपा आणि टिकलेला नमुना आहे, एक डोह, एक गाव, एक नियम. प्रत्येक नदीवर असा एखादा डोह गावानं राखला तर वरचं-खालचं पाणी तिथनंच परत भरेल. देवीच्या नावानं राखा नाहीतर शाळेच्या, मला दोन्ही चालतं. आणि तिथं गेलात तर कुरमुरेच टाका, मूठभर, बिस्किटं-वेफर आणि पिशव्या नकोत.

आमच्याकडे शिरोळ तालुक्यात उन्हाळ्यात कधी कधी पहाटे मासे तोंड वर काढून काठाला येतात, पोरं हातानं धरतात, पोती भरून नेतात. ते खाल्ले तर चालतात का? मी लहान असताना असं कधी बघितलं नव्हतं. — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

नाही, खाऊ नका आणि पोरांनाही नेऊ देऊ नका. मासा तोंड वर काढतो कारण पाण्यात त्याला श्वास घ्यायला ऑक्सिजन उरलेला नसतो. साखर कारखान्याची मळी किंवा सांडपाणी नदीत आलं की ते कुजवणारे जिवाणू सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात. दिवसा शेवाळ-वनस्पती उन्हात थोडा तयार करतात, रात्री तेही बंद, म्हणून पहाटे सगळ्यात कमी असतो आणि तुम्हाला हे पहाटेच दिसतं. बरोबर काय काय केमिकल आलंय ते डोळ्यांना कळत नाही. मरळ तेवढी त्यातही टिकते कारण ती वरनं हवा घेऊ शकते, बाकीचे मरतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता तो अनेकांनी बघितलाय, पंचगंगेत तर हे परत परत होतं.

असं दिसलं की त्याच वेळी फोटो-व्हिडिओ काढा, वेळ आणि जागा त्यात येऊ द्या, स्वच्छ बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात आणि तहसीलला कळवा, लेखी. दुपारपर्यंत थांबलात तर पाणी पुढं गेलेलं असतं आणि मग "आम्हाला काही आढळलं नाही" असं उत्तर येतं. तुम्ही लहानपणी हे बघितलं नव्हतं हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे, ते तक्रारीतही लिहा, वय आणि गाव घालून. ज्या माणसानं नदी चांगली बघितलीय त्याचं म्हणणं कागदावर यायलाच पाहिजे, नाहीतर आत्ताच्या पोरांना वाटेल नदी अशीच असते.

नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत, आयुष्यभर कृष्णेत मासेमारी केलेले, इथं कंटाळलेत. थेम्सवर गळ टाकून बसावं असं त्यांना वाटतं, नातू अकरा वर्षांचा, तोही मागे लागलाय. पण शेजाऱ्यांनी सांगितलं की इथं मासा धरून परत सोडतात, तर बाबा म्हणतात सोडायचा तर धरायचा कशाला, हा त्या जिवाचा छळ आहे. काय सांगू त्यांना? — एक वाचक, रेडिंग

वहिनी, बाबांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, त्यात दम आहे. आपल्याकडं मासा धरायचा तो खायला, उगाच गळ टोचायचा नाही, ही जुन्या माणसांची सरळ समज आहे आणि मी ती मानतो. पण त्यांना हेही विचारा की पोटुशी मादी, बोटाएवढं पिल्लू, पिल्लांवर राखणीला असलेली मरळ हे त्यांनी कधी सोडलं नाही का. सोडलं असणारच, जुने सगळेच सोडायचे. तिकडच्या लोकांनी तेच फार पुढं नेलंय, कारण एकेका नदीवर गळ टाकणारे हजारो, प्रत्येकानं घरी नेलं तर नदी दोन वर्षांत रिकामी होईल. शिवाय तिकडं नदीतनं काय आणि किती घरी न्यायचं याला कायद्यानंच मर्यादा आहे, लहान मासे ठरावीक संख्येत, मोठे बहुतेक सोडायचेच. बाबांना जमणार नसेल तर त्यांनी गळ टाकू नये, नातवाला पाणी वाचायला शिकवावं, काठी नातवाकडं द्यावी. मला वाटतं चार दिवसांत तेच काठी मागतील.

सोडायचाच तर जिवाला त्रास कमी होईल असं करता येतं. गळाच्या टोकाला जी उलटी दाढ असते ती नसलेले गळ तिकडच्या दुकानात मिळतात, तेच घ्या. हात ओले करूनच मासा धरायचा, कोरड्या हातानं अंगावरचा थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो, गवतावर टाकायचा नाही, जाळीतच पाण्यात ठेवून गळ काढायचा.

नियमाचं सांगतो. रॉड लायसन्स लागतं, ऑनलाइन निघतं, ज्येष्ठांना सवलत आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाला लागत नाही, म्हणजे नातवाचं काम झालं. लायसन्स असलं तरी त्या काठावर कुणाचा हक्क आहे ते बघावं लागतं, बऱ्याच जागा क्लबच्या असतात, दिवसाचं तिकीट मिळतं, जवळच्या फिशिंगच्या दुकानात विचारलं की तेच सगळं सांगतात. आणि १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी असते, माशांचा विणीचा काळ म्हणून. हे बाबांना आवर्जून सांगा, त्यांना ते लगेच पटेल. गांडूळ तिकडंही चालतं, पण पाव पाण्यात भिजवून मळलेली गोळी जास्त चालते, चब नावाचा मासा तिच्यावर हमखास येतो. सोळा जूनला सीझन उघडतो तेव्हा काठावर गर्दी असते, तर लायसन्स आणि तिकीट आदल्या आठवड्यातच काढून ठेवा.